ओहोटीची वाट

नकाशाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीभर आराखडे काढले, त्यामुळे रेघ कुठे चुकली हे मला चहा गार व्हायच्या आत कळतं. निवृत्तीनंतर पालघरच्या घरात बसून मी इंटरनेटवरच्या एका खुल्या नकाशावर विहिरी, हातपंप, पायवाटा भरू लागले. हा नकाशा कुणीही भरावा आणि कुणीही वापरावा असा. आमचे हे म्हणतात, "कारखाना सुटला, आता जिल्ह्याच्या मागे लागलीस."

एका सकाळी आमच्या नेहमीच्या मासळीवालीने टोपली उतरवायच्या आधी एक पत्र पुढे केलं. "ताई, हा कागद वाचा. शाळा बंद करतात." ती पालघरजवळच्या माहीमच्या बाजूला खाडीकाठच्या एका लहानशा पाड्यावर राहते. तिची मुलगी तिथल्या शाळेत दुसरीत. पाड्यावर मुलं थोडी, म्हणून त्यांना पलीकडच्या गावातल्या शाळेत घालायचं, असं शिक्षण कार्यालयाच्या पत्रात होतं. ती शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, असंही होतं आणि पुरावा म्हणून नकाशा जोडला होता.

"मी पहाटंच मासली घेऊन निघते, तिचा बाप बोटीवर," ती म्हणाली. "पोरीला लांब सोडायला कोन हाय? शाळा गेली तर ती घरीच बसेल."

कुणाची तरी खरडपट्टी काढायची म्हणून मी चष्मा लावला. नकाशात खाडीवरून एक बारीक तुटक रेघ गेली होती, मधल्या तिवरांच्या झुडपाला वळसा घालून. तो वळसा मी ओळखला. रेघ माझीच होती. आदल्या वर्षी उपग्रहाच्या फोटोत चिखलातून गेलेली पायवाट दिसली, ती मी खुर्चीत बसून काढली आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. कार्यालयाने ती विश्वासाने मोजली होती. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी बोंबलासाठी घासाघीससुद्धा केली नाही.

तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. "वाट खरी हाय, ताई. पन ओहोटीची."

मग मी तिच्याबरोबर चालायला गेले, फोन खिशात वाट नोंदवत होता. ओहोटीला खाडीतून खरंच दहा मिनिटं लागली. गुडघाभर चिखल आणि त्यात माझी एक चप्पल गेली. भरतीला पुलावरून फिरून जावं लागलं, टँकर-डंपरच्या कडेकडेने, तासाच्या वर. खाडी कोणत्या दिवशी कधी भरते, हे मी विचारलं तर तिने बोटांवर मोजून सांगितलं. "आवस-पुनवेला दुपारी भरती, पानी शाळा भरायच्या टायमालाच चढतं, म्हनजे सकाळी जायची वाट बंद. सप्तमी-अष्टमीला सकाळी जाता येते, पन पाचला परतता येत नाय." इतकी वर्षं नकाशे काढले, पण नकाशाला तिथी लावायचं मला कधी सुचलं नव्हतं. मी दोन नकाशे केले, एक ओहोटीचा, एक भरतीचा, आणि खाली तिथ्यांचा तक्ता जोडला.

आम्ही दोघी कार्यालयात गेलो. माझी चूक मीच आधी सांगून टाकली. साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले. "बाई, यातला खरा कुठला धरू?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने विचारलं, "आज तिथी कोनती, साहेब?"

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "सप्तमी."

"मग पोर सकाळी चालत गेली. पाचला शाळा सुटली, शाळेच्या बाईंनी कुलूप लावलं. खाडी भरलेली. पानी उतरायला आठ वाजतील. सात वर्षांची हाय ती. तवर ती कुठं बसेल, तेवढं नकाशावर दाखवा."

साहेबांनी जुना नकाशा फायलीतून काढला आणि आमचे दोन लावले.

पाड्यावरची शाळा आजही भरते. माझी रेघ मी पुसली नाही. तिच्याखाली फक्त लिहिलं: पाणी असेल तर इथे वाट नाही.