हाळीपुरता श्वास

आमच्या टोळीत सहा जण. काम जड यंत्रं हलवायचं. हत्यारं म्हणजे पहारी, दोर, खाली सरकवायचे लोखंडी पाइप, आणि हाळी. हाळी देणारा एकच. तो "हां…" लांबवतो, तोवर सगळे दम भरतात. "टाक!" म्हटलं की एकदम जोर. हाळी मधेच तुटली तर कुणाचं तरी बोट जातं.

बावीस वर्षं ती भोंग्याने दिली. नाव आम्हीच ठेवलेलं. "हां" असा लांबवायचा की शेजारच्या कारखान्यातले लोक खिडकीत यायचे.

आधी तोही पहार मारायचा. गुडघा गेल्यावर नुसती हाळी उरली. काम सुटलं, भूक सुटली नाही. पोट आलं. आम्ही म्हणायचो, "पाहुणा आला की जायचं नाव घेत नाही." तोही हसायचा.

आमच्यात कमरेला रुंद चामडी पट्टा बांधतात. उचलणाऱ्याला तो लागतो, भोंग्याला लागत नव्हता. पण पट्टा सोडला म्हणजे काम सोडलं, असं आम्ही मानतो. पोट वाढत गेलं आणि पट्टा त्याच भोकावर आवळला जात राहिला. कुणी बोललं नाही. मीही नाही.

एका मोठ्या कारखान्याने काम देण्याआधी तपासणीचा कागद मागितला. मी सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी श्वास मोजायची नळी फुंकायला दिली. तीन वेळा फुंकून आकडा असायला हवा त्याच्या निम्म्याच्या थोडा वर.

"सिगारेट?"

"आयुष्यात नाही. तंबाखूसुद्धा नाही."

"तो पट्टा काढा, काका."

काढला. चौथ्यांदा आकडा जेमतेम हलला.

"धुळीचाही भाग असेल," बाई म्हणाल्या. "पण कंबर, साखर, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळंच वाढलंय. हे एकत्र असलं की फुप्फुसं कमी पडलेली बरेचदा दिसतात. पोट खालून दाबतं, छाती पुरती फुगत नाही."

"औषध द्या मग."

"साखरेचं देते, दाबाचं देते. श्वासासाठी कंबर उतरवा. रोज चाला."

"चाललं की दम लागतो, बाई."

बाईंनी पेन उचललं. कागदावर "तीन महिन्यांनी पुन्हा" असं लिहिलं.

त्याच्या घरी वहिनी म्हणाल्या, "पाच वर्षं घसा फोडतेय, दोन घास कमी खा. ऐकलं असतं तर दम राहिला असता."

"तुझं ऐकता ऐकताच गेला तो."

वहिनी हसल्या नाहीत. ताटातला भात अर्धा परत पातेल्यात गेला.

रोज सकाळी आम्ही कोपऱ्यापर्यंत चाललो. तो विजेच्या दोन खांबांमध्ये एकदा थांबायचा. अडीच महिन्यांत कंबर दोन बोटं उतरली. श्वास तेवढाच राहिला. खांबाला हात टेकून म्हणाला, "कष्टाला कधी नाही म्हटलं नाही रे. आता कष्टच मला नाही म्हणतायत."

मी पुढचा खांब दाखवला.

मग एका छोट्या वर्कशॉपात पाच टनी प्रेस बसवायचा होता. तिथे कागद कुणी मागत नाही. भोंगा पट्टा आवळून उभा राहिला. पहिल्या दोन हाळ्या ठीक गेल्या. तिसरा "हां" मधेच तुटला. दोघांनी तोच इशारा समजून जोर लावला, बाकीचे थांबले. प्रेस पाइपवरून कलला. मी लाकडी पाचर सारली, ती करकरली, पण टिकली. कुणाला लागलं नाही. कुणी त्याला बोललंही नाही. शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने पट्टा सोडून हत्यारांच्या पेटीवर ठेवला.

"तू दे."

"माझा आवाज कसला!"

"आवाजाचं सोड. श्वास पुरव."

मी हाळी दिली. माझा "हां" आखूड, माणसांचा दम पुरता भरत नाही. प्रेस बोट-बोट सरकत होता. भोंगा भिंतीला टेकून पोत्यावर बसला होता. माझ्या प्रत्येक "हां"बरोबर त्याची छाती वर यायची, आणि माझ्या आधी थांबायची.