गढूळ बियर

मला आवाज काढता येतात. ही कला नाही, खोड आहे, असं पनागरच्या शाळेत माझे सगळे मास्तर म्हणायचे, आणि मी ते लगेच त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायचो. शाळा हिंदी, घर मराठी, म्हणून माझी मराठी ही अशी, कानानं आलेली. रिछाईला पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हापासून मी जबलपुरात मावशीकडे राहून राहिलो. घरात मावशी, तिचा मुलगा म्हणजे माझा दादा, आणि मी.

दादा चार वर्षं बेंगळुरूला बियर बनवत होता. मावशी शेजारी सांगायची, "फूड लाइनमध्ये आहे." ती जागा बंद पडली आणि तो परत आला. इकडे तिलवाऱ्याच्या रस्त्यावर एक नवीन हॉटेल उभं राहून राहिलं होतं. परवाना मिळाला होता, मोठ्या टाक्या येऊन पडल्या होत्या, त्यांच्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. बनवणारा तेवढा पाहिजे होता. हॉटेलचे सेठजी दादाला म्हणाले, "पहले कुछ बना के पिलाओ, फिर बात करेंगे."

त्याच वेळी पुण्याहूनही एका कंपनीचा फोन आला. या म्हणाले. पुढच्या महिन्याअखेर कळवायचं होतं.

दादानं जबलपूर सोडू नये असं मावशीला वाटायचं, पण तोंडानं ती एक शब्द बोलली नाही. फक्त भर थंडीत त्याच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला. "उन्हाळ्यात धावपळ नको," म्हणे.

सेठजींसाठी दादानं बेल्जियमच्या पद्धतीची गव्हाची बियर करायचं ठरवलं. बियर म्हटल्यावर मावशी आठवडाभर त्या विषयाकडे पाठ करून बसली. मग एक दिवस भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "त्यात टाकतात काय पण?"

दादा म्हणाला, "जव, गहू, संत्र्याची साल, धने आणि थोडी फुलं."

"अच्छा. हे तर सगळं माझ्याच घरातलं आहे."

झालं. त्या दिवसापासून ती बियर निम्मी मावशीची झाली. गहू आमच्या पनागरचा, माझे बाबा पोळ्यांसाठी पाठवतात तोच. तिनं तो सुपात घेऊन असा निवडला, जसं काही लग्नाचा स्वयंपाक आहे. संत्री नागपूरच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पेटीतली. साल तिनंच काढली, वरची केशरी तेवढी, पातळ, कारण खालचं पांढरं आलं की कडू होतं, हे तिला दादाच्या आधीपासून माहीत होतं. धन्यांवर मात्र थोडं भांडण झालं.

"धने भाजून देऊ?"

"नको, आई."

"कच्चेच टाकशील?"

"हो, जरा ठेचून."

"मग चव काय तुझ्या बेंगळुरूहून येणार आहे?"

फुलं दादानं कुरिअरनं मागवली. कॅमोमाइल. डबा उघडून बघितला तर शेवंतीची पिल्लं. मी म्हटलं, "दादा, एवढ्यासाठी कुरिअर? देवळासमोरच्या फुलवालीला म्हणून पाहायचं होतं, बच्चा साइज आहे का." तो हसला नाही. त्या दिवसांत तो हसतच नव्हता.

त्यानं हॉटेलातच एका छोट्या भांड्यात ती बनवली. अठरा-वीस दिवसांनी मला तिथं बोलावून एक छोटा ग्लास हातात दिला. मी आधी बघितलं. पिवळट, गढूळ, वर पांढरा फेस. ताकात कोणी हळदीचं बोट बुडवल्यासारखं दिसत होतं.

"हे बिघडलं का?"

"अशीच असते. गव्हामुळे आणि तळाच्या यीस्टमुळे. वास घे."

वास घेतला. संत्रं सोलताना बोटाला जो वास लागतो ना, तो. मग प्यायलो. आधी फेस, मग थोडं आंबट, मग धने आले, एकदम मागून, आणि गिळल्यावर फुलांचं काहीतरी राहिलं, गवतासारखं, मधासारखं, पण गोड नाही. कडू जवळपास नाहीच. मी आतापर्यंत जी बियर प्यायलो ती मित्रांसोबत, डोळे मिटून, औषधासारखी. ही मी सावकाश प्यायलो आणि ग्लास पुढे केला.

"संपली," दादा म्हणाला. "सहाच बाटल्या भरल्यात, सेठजींसाठी. इथं ठेवल्या तर हॉटेलातले लोक चाखून चाखून संपवतील. घरी नेऊन राहिलो."

सेठजीही घरीच येणार होते, रविवारी चार वाजता. होटल में सब कान लगा के बैठते हैं, असं त्यांचं म्हणणं. सहा बाटल्या मावशीच्या फ्रिजमध्ये गेल्या, खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे. तारेच्या झाकणाच्या बाटल्या होत्या, उघडून पुन्हा लावता येणाऱ्या.

शुक्रवारी मावशीनं एक बाटली उजेडात धरली आणि विचारलं, "हे असं गढूळच देणार?" दादा अंघोळीला गेला होता. मला चान्स मिळाला. मी सेठजींचा आवाज काढला. ते नाकात बोलतात आणि मध्येच थांबतात, जसं कोणी फोन ठेवला. मी ग्लास धरल्यासारखा हात केला, भुवया वर नेल्या आणि म्हटलं, "दीदी, ये क्या... नाली का पानी... बोतल में भर लाए?"

मावशी हसली. तोंडावर पदर धरून हसली. मला वाटलं, आपला कार्यक्रम झाला.

रविवारी सेठजी आले. साबुदाण्याचे वडे आले. दादानं स्वतः ग्लास पुसले, पहिली बाटली उघडली आणि ओतली.

फेस आलाच नाही. आणि बियर अशी स्वच्छ की ग्लासच्या पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

सेठजी म्हणाले, "अरे, ये तो एकदम साफ है. तुम तो बोले थे धुंधली रहेगी."

दादानं दुसरी बाटली उजेडात धरली. तीही तशीच. तो काही बोलायच्या आत सेठजींनी घोट घेतला. त्यांचे गाल आत गेले. जीभ टाळ्याला लागून सुटायला वेळ लागला. मीही माझ्या ग्लासातलं थोडं प्यायलो. चव लगेच ओळखली. लहानपणी बाबांच्या दाढीच्या सामानातला तो पांढरा खडा मी चाटला होता.

"फिटकरी?" सेठजींनी विचारलं.

मावशी स्वयंपाकघराच्या दारातून आनंदानं म्हणाली, "जी. सुबह मैंने ही फेरी है. आपके लिए."

आमच्याकडे पावसाळ्यात नर्मदेचं पाणी लाल-गढूळ येतं. नळाला आलं की बायका तुरटीचा खडा घेऊन भांड्यात दोन-चार वेढे फिरवतात, गाळ खाली बसतो, वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढतात. मावशीनं तेच केलं होतं. सकाळी आम्ही दोघं बाहेर होतो, तेवढ्यात सहाही बाटल्या मोठ्या पातेल्यात ओतल्या, तुरटी फिरवली, तासभर झाकून ठेवलं, वरचं नितळ भरून झाकणं लावून दिली. खालचा गाळ तुळशीला.

सेठजींनी ग्लास खाली ठेवला. दोन वडे खाल्ले, अच्छे हैं म्हणाले, आणि गेले.

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खुर्चीवर बसला. "आई, काहून?"

मावशीला आता कुठे कळून राहिलं होतं. "अरे, हाच बोलला ना. सेठजी नाली का पानी म्हणतील म्हणून. मला रात्रभर तेच दिसत होतं. त्यांनी तुला घरात बसून तसं म्हटलं असतं, तर तू राहिला असतास का इथं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी मजाक केला होता." ते वाक्य माझ्याच आवाजात निघालं आणि फार बारीक निघालं.

संध्याकाळी मावशी दादाला म्हणाली, "पुण्याला हो म्हणून टाक. माझ्या तुरटीपायी तुझं अडायला नको." आणि पोळ्या लाटायला लागली. त्या दिवशी पोळ्या फारच जास्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात अर्धी सुट्टी टाकून मी हॉटेलात गेलो. सेठजी मॅनेजरसोबत हिशेब बघत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. चूक दादाची नाही, मावशीचीही नाही, मैंने आपकी आवाज़ निकाली थी.

"मेरी आवाज़?"

"जी."

"निकालो."

मी म्हटलं, रहने दीजिए. ते म्हणाले, निकालो. मॅनेजर आधीच भिंतीकडे वळला होता. मग मी काढला. नाक, थांबणं, भुवया, सगळं. "दीदी, ये क्या... नाली का पानी... बोतल में भर लाए?"

सेठजींनी पेन खाली ठेवलं. मॅनेजरचे खांदे हलून राहिले होते.

"मैं... ऐसा बोलता हूँ?" सेठजी म्हणाले. अगदी तसंच म्हणाले.

मॅनेजर खोलीबाहेर गेला.

"नाक से इतना नहीं," सेठजी म्हणाले. मग रजिस्टर मिटलं. "एक बार और बनाने बोलो उसको. महीने के अंदर. और दीदी को बोलना, फिटकरी नहीं. वड़े वही."

मी घरी येऊन दादाला सांगितलं. तो त्याच दिवशी परत भांडं धुवायला गेला. मावशीनं पेटीतली उरलेली संत्री काढली. साल काढताना ती एकदाही बोलली नाही, मीही कोणाचाच आवाज काढला नाही. माझ्यासाठी ते वीस दिवस म्हणजे उपासच.

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा सेठजी दुसऱ्यांदा आले. पुण्याला दादानं अजून काहीच कळवलं नव्हतं. या वेळी त्यानं बाटली उघडायला घेतली तर मावशी म्हणाली, "थांब, मी देते." तिनं ती बाटली आडवी धरून दोन्ही तळव्यांमध्ये हळूहळू फिरवली, तळाचा गाळ वर येईपर्यंत. हे तिला दादानं शिकवलं होतं. तिनं चार वेळा विचारून घेतलं होतं. मग ओतली. फेस वर आला. खाली तीच पिवळट गढूळ.

"ऐसी ही रहती है," ती म्हणाली. "नीचे का छोड़ना नहीं."

सेठजींनी ग्लास उजेडात धरला. मग भुवया वर नेल्या आणि माझ्याकडे बघून नाकात म्हणाले, "दीदी, ये क्या... नाली का पानी..."

ते माझी नक्कल करत होते, मी केलेल्या त्यांच्या नकलेची. आणि कबूल करतो, चांगली केली. पण हसलं कोणी नाही. दादाच्या कपाळावर घाम होता.

सेठजी प्यायले. थांबले. अजून प्यायले.

"संतरा है."

"जी," दादा म्हणाला.

"और ये पीछे से जो आता है?"

"धनिया."

"गज़ब." ग्लास अर्धा झाला, मग पाऊण. "फूल का भी कुछ है. चलो. एक तारीख से आ जाओ, छह महीने देखते हैं. टंकियों का प्लास्टिक निकलवाता हूँ." मग तीन वडे खाल्ले, वर दोन कागदात बांधून नेले.

ते गेल्यावर दादा गच्चीवर जाऊन पुण्याला फोन करून आला. सहा महिने म्हणजे काही जन्मभर नाही, हे त्याला माहीत होतं, मावशीलाही होतं. पण तो खाली आला तेव्हा हसून राहिला होता, आणि मला म्हणाला, "अबे, सेठजी तुझ्यापेक्षा भारी काढतात."

बाटलीत थोडी उरली होती. मावशीनं इकडे तिकडे बघितलं, चमचा घेतला आणि एक चमचा तोंडात टाकला. डोळे बारीक केले. वरणाचं मीठ बघते तसं बराच वेळ जिभेवर धरलं.

"काय?" दादानं विचारलं. सेठजींसमोर घाबरला नसेल तेवढा घाबरून.

"धने जास्त झालेत," मावशी म्हणाली आणि चमचा धुवायला टाकला.

पुढच्या वेळी त्यानं कमी टाकले.