तीनशे वेढ्यांची मुलाखत

माझी एक घोडचूक आधीच कबूल करून टाकते, म्हणजे कुसुमबद्दल मोकळेपणी लिहिता येईल. तिशीत मी एका साप्ताहिकासाठी आसपासच्या माणसांची शब्दचित्रं लिहायची. खांद्याला शबनम, हातात टेपरेकॉर्डर आणि आपल्यापुढे दगडसुद्धा बोलतो असा टेंभा! तो मिरवतच मी मुलुंडला आमच्या मागच्या चाळीत कुसुमकडे गेले. तिचा नवरा साकीनाक्याच्या एका कारखान्यातून तांब्याची तार आणायचा आणि कुसुम घरी बसून, हाताने फिरवायच्या छोट्या यंत्रावर कॉइल गुंडाळायची. एका कॉइलला बरोबर तीनशे वेढे. आकडा चुकला की सगळं उलगडायचं आणि पुन्हा एकपासून.

हे मला कुठे ठाऊक! टेपरेकॉर्डर यंत्राला खेटून ठेवला आणि सुरू झाले. "बालपण फार खडतर गेलं असेल ना हो?" ती म्हणाली, "हं." "आईची आठवण येते?" "हं." खिडकीतून दुपारचं ऊन आत उतरलं होतं, तार त्या उन्हातून झुळझुळत तिच्या बोटांत शिरत होती, यंत्राची एकसुरी घरघर… मलाच गुंगी आली. तिचे ओठ मात्र सारखे हलत होते. रविवारी छापून आलं, 'जुन्या जखमांच्या आठवणीने कुसुमताईंचे ओठ थरथरत होते.'

सोमवारी सकाळी कुसुम अंक घेऊन दारात. मूळची मालवणकडची, आवाज खणखणीत. "मी येढे मोजी होतंय गो! तुका वाटला रडतंय?"

पाच भावांची एकुलती लाडकी बहीण ती, बापाची आंब्याची कलमं. बालपणीचं दुःख एवढंच की कैऱ्या खाऊन दात आंबायचे. मी मान खाली घालून म्हटलं, "पुढच्या अंकात दुरुस्ती छापते." तर म्हणाली, "खबरदार! ह्या वाचून सासू पयल्यांदा माझ्याशी गोड बोलली." माझं ते थरथरतं खोटं फ्रेम होऊन तिच्या भिंतीवर चढलं, ते आजही तिथेच आहे.

मग कितीतरी दुपारी मी नुसतीच तिच्याकडे जाऊन बसायची. कॉइल अर्ध्यावर असली की ती माझ्यासमोर तळवा धरायची… थांब. मी गप्प. तीनशे झाले की हात खाली यायचा आणि मग ती अशी काही बोलायची, की चहा गार व्हायचा. पुढे मी बरी शब्दचित्रं लिहिते असं लोक म्हणू लागले. समोरच्याचे वेढे पुरे होईपर्यंत तोंड मिटायला शिकले होते, एवढंच. माझ्यासारखीला तेही काही थोडं नाही.

शेवटची नऊ वर्षं अर्धांगवायूने तिची वाचा गेलेली होती. मी पलंगाशेजारी बसून बडबडायची. फारच वाहवत गेले की चादरीतून तळवा वर यायचा.

दीड महिन्यापूर्वी तिच्या मुलीचा, नीताचा फोन आला. "मावशी, आई गेली."

तेराव्याला नीता माझ्याजवळ येऊन बसली. "फोटो ढीगभर आहेत गं. पण आवाज कुठेच नाही. कसा होता, तेच आठवत नाही यार… तुझ्याकडे ती टेप असेल ना?"

"बघते," म्हटलं. बघायचं काय, कपाटाच्या खणात होती! पण पोरीला त्यात काय मिळणार? सगळा माझाच चिवचिवाट आणि अधूनमधून एक 'हं'. आईचा आवाज मागायला आलेल्या मुलीच्या हातात आपला मूर्खपणा ठेवायचा, याचीच लाज. तीन दिवस खण उघडत आणि लावत राहिले. चौथ्या दिवशी टेप तिच्या हातात दिली. "बाळा, यात तुझी आई नाही. मीच आहे, आणि भरपूर आहे."

तिने घाटकोपरच्या एका दुकानातून ती मोबाईलवर उतरवून घेतली. गेल्या रविवारी दुपारी तिचा फोन आला. मागे टेपमधल्या यंत्राची घरघर ऐकू येत होती… माझ्या डोळ्यांपुढे ते ऊन, ती तार. मग नीता म्हणाली,

"मावशी, आई मोजतेय गं. हळू, पण सगळं ऐकू येतंय. दोनशे बाराला तू शिंकलीस. ती हसली, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं… अजून दोनदा शिंकायचंस ना!"