अक्का हसण्याआधी बसायच्या

अक्कांना हसू आलं की त्या आधी खाली बसायच्या. जिन्याची पायरी, दुकानाचा कट्टा, जे जवळ असेल त्यावर टेकायच्या, मांडीवर मांडी घट्ट दाबायच्या आणि मगच हसायच्या. लग्न होऊन मी शिवाजी पेठेतल्या घरात आले तेव्हा मला ती माझ्या थोरल्या जाऊबाईंची ऐट वाटली होती. पेठेतल्या पोरी त्यांची नक्कल करायच्या आणि अक्का तीही बसूनच बघायच्या.

एरवी बाई भलत्या फटकळ. दूध पातळ निघालं की दूधवाला गाडी बंदच करायचा नाही, लगेच पळता यावं म्हणून. कुणी मनातलं बोलायला कचरलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "तोंड काय नुसतं जेवायला दिलंय व्हय?"

आमच्या घरी गौर आणायचा मान थोरल्या सुनेचा. एका वर्षी तेरड्याची रोपं घातलेला कलश घेऊन अक्का पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या चढत होत्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी कलश माझ्या हातात कोंबला, मागं वळल्या आणि साडीसकट कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. पाय घसरला म्हणून बायका हसल्या. अक्कांनी हसू दिलं. पण पाय घसरला नव्हता, मी शेजारीच होते.

घरी आल्यावर त्यांनी गौरीला हात लावला नाही. ओवसा, आरती, सगळं मला करायला लावलं आणि स्वतः न्हाणीपाशी बसून राहिल्या. मी खोदून विचारलं, तेव्हा जमिनीकडं बघत म्हणाल्या, "मी ओवळी हाय, सुमन. कायमचीच. धाकट्याच्या बाळंतपणापासनं खोकलं, शिंकलं, हसलं की कापडात सुटतंय. मान हाय म्हणून कलश तेवढा उचलत हुते, पण देवाला कसं शिवू?"

देवपूजा रोज थोरले भावजीच का करतात, ते मला तेव्हा समजलं. भावजींना मात्र त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टरांचं नाव काढलं की त्या उठून जायच्या. शेवटी मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं. कोल्हापुरात ओळखीचं कुणीतरी भेटणार, म्हणून मिरजेला जायचं ठरलं. घरी गुडघेदुखी सांगितली. मग शेजारणींनी तेलं आणून दिली, आणि अक्का मुकाट्यानं धडधाकट गुडघ्यांना ती चोळत राहिल्या. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

डॉक्टरबाईंनी आधी ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम दिले. भाजी निवडताना अक्का ते करायच्या, त्यानं थोडा फरक पडला. पुढच्या खेपेला अक्कांनीच लेसरच्या उपचाराचं विचारलं, कुठल्याशा जाहिरातीत वाचलं होतं. बाईंनी लपवाछपवी केली नाही. चिरफाड नसते, पण सगळ्यांना गुण येतोच असं नाही, आणि आला तरी किती टिकेल हे आज कुणी सांगू शकत नाही, म्हणाल्या. अक्का पदराचं टोक पिळत होत्या. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"लेसर केल्यावर गौरीला शिवलं तर चालंल न्हवं?"

बाई हसल्या नाहीत. "आजही चालेल. हे दुखणं आहे, विटाळ नाही."

अक्का तिथंच रडल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. लेसरही त्यांनी करून घेतलं. त्रास कमी झाला, गेला मात्र नाही.

पुढच्या गौरीला कलश त्यांनीच उचलला. निम्म्या पायऱ्या चढल्या आणि त्यांना शिंक आली. माझे हात आपोआप कलशाकडं गेले. अक्का थांबल्या. त्यांनी एकदा नदीच्या पाण्याकडं बघितलं, चेहरा लाजेनं लाल झाला होता. मग कलश सावरला आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाल्या, "थोडं झालंय. हुतंय मला असं. चल, गौर खोळंबलीय."

कुणीच हसलं नाही. त्यांनी तशाच साडीनं गौर घरी आणली आणि स्वतःच्या हातानं पाटावर बसवली. अक्का आता नाहीत. गौर आणायचा मान माझ्याकडं आलाय, आणि खोकला येऊन मलाही थोडं झालं, तरी मी पाण्यात उतरत नाही.