मंगळवार पेठेतला खोटा बार

प्रज्ञा गेल्याची बातमी आली तेव्हा मी शिडीवर होतो. नाटकाचा सेट लावत होतो. एका हातात दोरी, दुसऱ्यात हातोडी, दातांत खिळे, आणि खिशातला फोन वाजतोय. कसाबसा कानाला लावला तर हुपरीचा बाळगोंडा, प्रज्ञाचा पेशंट. आमच्याकडं फोनवर हळू बोलण्याची पद्धत नाही, आणि हा तर पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलणारा. त्या सकाळी तो हळू बोलला. "विलासराव, बाई गेल्या." मी खिळ्यांतूनच विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. मग मी दातांतले खिळे एकेक करून तळहातावर काढून ठेवले आणि शिडीवरच बसलो.

प्रज्ञा आणि मी मंगळवार पेठेतल्या एकाच बोळात वाढलो. ती अभ्यास करायची, मी तिच्या मास्तरांच्या नकला करायचो आणि तिला हसू आलं म्हणून शिक्षा तिलाच व्हायची. पुढं ती डॉक्टर झाली आणि मेंदूच्या मागं लागली. लांबच्या एका प्रयोगशाळेत तिनं कैक वर्षं उंदरांत काढली. उंदरांना दारूची चटक लावायची आणि मग ती कशी सुटते ते बघायचं. सुट्टीवर आली की मी चारचौघांत तिची ओळख करून द्यायचो, "या आमच्या प्रज्ञाबाई, उंदरांच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या संचालिका." ती टेबलाखालून सणसणीत लाथ घालायची. मग एके वर्षी ती कोल्हापुरात परत आली, आता माणसांवर काम करायचं म्हणून, आणि सरळ माझ्या दारात उभी राहिली. "विल्या, मला एक बार बांधून दे."

मला वाटलं, उंदरांनी हिला बिघडवली. तिनं पायरीवर बसून मला समजावलं. माणूस दारू सोडतो, महिनोन्महिने कोरडा राहतो, आणि एक दिवस बारच्या दारावरून जाताना आतला पंखा ऐकतो... संपलं. मेंदूत खोलवर जी उसळी येते ती दारूची नसतेच, दारू आता मिळणार याची असते. ती उसळी दवाखान्याच्या पांढऱ्या खोलीत येत नाही, म्हणून खोटा बार हवा. तिथं माणसाला बसवायचं, उसळी येऊ द्यायची, आणि पुढं काहीच द्यायचं नाही. "आठवण वर काढली की थोडा वेळ मऊ पडते. परत घट्ट व्हायच्या आत तिच्यात बदल करता येतो का, ते मला बघायचंय." जोडीला एक गोळी होती. जुनीच, दुसऱ्या कशासाठी तरी वापरतात ती. नाव सांगत नाही, नाहीतर तुमच्यातले निम्मे उद्या मेडिकलच्या दारात. हे सगळं मला समजायला आठवडा लागला. चांदीकामातल्या बाळगोंडाला एका वाक्यात समजलं. "म्हंजे चांदीगत की ओ बाई. तापली की वळवायची."

मी बार बांधला, आणि काय बांधला! पेठेतल्याच एका माडीवर मिणमिणता लाल दिवा, डाग पडलेलं सनमायकाचं टेबल, खारे शेंगदाणे, कांदा-लिंबू, भिंतीवर भावफलक, कुईकुई करणारा पंखा. ग्लासांचे आवाज टेप केले आणि वेटरची हाक माझ्याच आवाजात, "आणि काय आणू, साहेब?" एक पावणं तर रस्त्यावरून लाल दिवा बघून जिना चढून आले आणि ऑर्डर देऊन मोकळे झाले. प्रज्ञानं त्यांची नाडी मोजून त्यांना परत पाठवलं.

पण बार चालेना. ग्लासात गार चहा असायचा. बाळगोंडा दोनदा बसला, नियमाप्रमाणं ग्लास उचलून वास घेतला, वर एक घोट घेऊन म्हणाला, "च्या हाय की ह्यो." शेजारच्या खोलीत पडद्यावर कॅमेऱ्यातला तो, आणि खाली त्याच्या नाडीची हिरवी रेघ झोपलेली. प्रज्ञा उसासा टाकून म्हणाली, "नाटक वाटतंय रे." आयुष्यात मी वाईट परीक्षणं खूप वाचली, पण एवढं झोंबलेलं एकही नाही. तिसऱ्या खेपेला मी तिला न विचारता त्या ग्लासात खरी दारू ओतली.

दुपारची तीनची वेळ. बाळगोंडा हुपरीहून एसटीनं आला. चांदीचे पैंजण करणारा कारागीर. ज्योतीपुढं बसून तांदळाएवढ्या कड्या जोडायच्या. हात थरथरायला लागले तसं काम गेलं, मग बायको माहेरी गेली. आता चार महिने तो कोरडा होता, आणि बायको परत येऊन पंधरवडा झाला होता. तो टेबलाशी बसला. बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला. पंखा सुरू झाला. त्यानं ग्लास नाकाशी नेला... आणि रेघ उठली ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली. प्रज्ञानं माझा दंड धरला. "विल्या, लागलं की रे!" आणि मला आनंद झाला. हे लिहिलंच पाहिजे. पडदा उघडताच टाळ्या पडाव्यात तसा आनंद. मग आठवलं, की हा माणूस वास घेऊन झाल्यावर एक घोट घेतो. चहाच आहे म्हणून.

"प्रज्ञा, खरी आहे ती."

"काय खरी आहे?"

"ग्लासातली."

ती वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माइक ओढला. "बाळगोंडा, ग्लासात खरी दारू आहे. चूक आमची आहे. मी आत येते."

"म्हाईत हाय," पडद्यावरचा बाळगोंडा म्हणाला. "नाकाला मगाशीच कळलं."

"मग खाली ठेवा."

"ठिवायलोय की. हात ऐकंना झालाय."

आम्ही धावलो. मी ग्लासावर झडप घालणार एवढ्यात तिनं हात आडवा घातला. चिडली की तिचं डॉक्टरी मराठी गळून पडायचं. "गप हुबा ऱ्हा तितंच!" ती त्याच्यासमोर बसली. ग्लास त्याच्या ओठांपासून दोन बोटांवर. तिनं आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, आणि थांबली. "त्यो पंखा बंद करा की, बाई," तो म्हणाला. कपाळावरून घाम वाहत होता. "पंखा राहू दे," ती म्हणाली. "पंखा चालू असतानाच ठेवायचाय." आणि वर टेपमधून माझाच आवाज, दर थोड्या वेळानं, लाडात येऊन... आणि काय आणू, साहेब? आणि काय आणू, साहेब? स्वतःच्या आवाजाचा इतका तिटकारा मला कधी आला नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. मग तो हात हलला, आधी वर, ओठांकडं. तिचा तळहात तसाच. आणि मग हळूहळू, जड वस्तू उतरवावी तसा, ग्लास खाली आला आणि तिच्या तळहातावर टेकला. थोडी दारू तिच्या मनगटावर सांडली. त्यानं स्वतः एकेक बोट सोडवेपर्यंत तिनं हात मागं घेतला नाही.

संध्याकाळी ती त्याच्याबरोबर एसटीनं हुपरीला गेली आणि त्याच्या बायकोला झालेलं सगळं सांगून आली. दुसऱ्या दिवशी जिन्यावर मी तिला विचारलं, "हिसकावून का घेतला नाहीस?" ती म्हणाली, "मग त्याच्या डोक्यात काय राहिलं असतं? कुणीतरी हिसकावला, एवढंच. त्याला त्याचा हात खाली आलेला आठवायला पाहिजे." मी म्हटलं, "बरं, मग लिही की चहा होता. रेघ तर झकास आलीय, कोण बघतंय?" तिनं सगळं लिहून परवानगी देणाऱ्या समितीला कळवलं. जबाबदार कोण, या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं. काम थांबवलं गेलं. परवानगी परत मिळेपर्यंत वर्ष सरलं, आणि तेवढ्यात तिच्या पोटातली गाठ सापडली. प्रयोगासाठी तिच्या वाट्याला मोजकीच माणसं आली. औषध निघालं का? नाही. अजून नाही. तिची टिपणं घेऊन दुसरे लोक पुढं चाललेत. बाळगोंडा मध्ये एकदा घसरला, आणि त्याच दिवशी त्यानंच फोन करून तिला सांगितलं. त्यानंतर नाही.

हा किस्सा मी कमीत कमी शंभर वेळा सांगितलाय. माझ्या किश्शात मी "थांबा!" असं गरजतो, दार लाथेनं उघडतो आणि ग्लास उडवून लावतो. एका लग्नाच्या पंगतीत प्रज्ञानं तो ऐकला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. नंतर हात धुताना म्हणाली, "आठवण सांगताना मऊ पडते, विल्या. तू तिला दर वेळी आपल्याकडं वळवतोस. एकदा तरी लिहून ठेव, झालं तसं."

ती गेल्यावर पाच आठवड्यांनी माडी रिकामी करायला बाळगोंडा आणि मी गेलो. भावफलक उतरवला, दिवा काढला. तिच्या टेबलावर तोच ग्लास होता. धुऊन तिनं त्यात पेनं ठेवली होती. शेजारी तिची कच्ची वही. त्या दुपारच्या पानावर तिच्या अक्षरात एवढंच... 'चहाऐवजी दारू. चूक माझी.' बाळगोंडानं बोट ठेवून वाचलं.

"चूक तर तुमची व्हती की."

"माझीच होती."

"मग लिवा की. पेनं हायती न्हवं?"

मी त्याच ग्लासातलं पेन घेतलं. चार वेळा झटकल्यावर उठलं. तिच्या ओळीखाली खरं ते लिहिलं, सही केली.

तो ग्लास आता माझ्या टेबलावर आहे, पेनांसकट. बाळगोंडा पेठेत माल द्यायला आला की माझ्याकडं डोकावतो. आधी ग्लास उचलतो, आत पेनं आहेत हे ढळढळीत दिसत असताना नाकाशी नेतो. "तुमचा भरवसा न्हाय, विलासराव." मी बघत राहतो. तो वास घेतो, क्षणभर थांबतो, आणि ग्लास स्वतःच्या हातानं खाली ठेवतो.