ह्यांच्या पुस्तकाचं शुद्धिपत्र

बोलक्या माणसांकडे किस्से टिकत नाहीत. घडला की सांगितला, सांगितला की संपला! माझ्यासारख्या गप्प बाईकडे मात्र ते साठत जातात. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण कवीच्या घरात पडल्यामुळे माझा साठा आताच उतू चाललाय. तेव्हा थोडे कागदावर काढून ठेवते.

आमचे हे बोईसरच्या शाळेत मास्तर. घर पाम गावाजवळ, केळी-नारळीच्या वाडीत. घरात माणसं चारच : हे, मी, माझे सासरे आबा आणि आबांची विधवा बहीण, म्हणजे आत्या. लग्न झालं आणि त्याच हंगामात ह्यांचा पहिला कवितासंग्रह पालघरच्या छापखान्यात गेला. नाव 'खाजणवाट'. मास्तरांचं पुस्तक येतंय म्हटल्यावर गावोगावची बोलावणी सुरू झाली. सायकलवर हे, कॅरिअरवर मी, माझ्या मांडीवर कवितांची वही. असा आमचा संसार लागला!

* * *

पहिला किस्सा लग्नाआधीचाच. पालघरला, माझ्या माहेरी, हे मला बघायला आले होते. पोहे झाले, स्वयंपाक येतो का झालं, शिवण येतं का झालं. शेवटी ह्यांनी विचारलं, "कविता आवडतात का?"

मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर पोह्यांत मीठ जास्त पडलंय की काय, ह्या काळजीत होते.

घरी जाऊन हे आत्याला म्हणाले, "मुलगी रसिक आहे. प्रश्न ऐकताच अंतर्मुख झाली!"

हे मला आत्यानेच सांगितलं. मिठाचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

* * *

लग्नानंतरचं पहिलं काव्यवाचन किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात. देवळासमोरचा मांडव गच्च भरलेला. बायका पुढे, पुरुष मागे. हे खुशीत. समुद्रावरची लांब कविता काढली. चार कडवी झाली, आवाज चढला, आता लाट फुटणार...

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "होड्या आल्या गोऽऽ!"

भरतीबरोबर होड्या खाडीत शिरल्या होत्या. मासळी उतरवायची ती तेव्हाच. एका मिनिटात मांडव रिकामा! उरले मी आणि खांबाला टेकून झोपलेले एक आजोबा.

"तर रसिक श्रोतेहो," हे म्हणाले आणि उरलेली दोन्ही कडवी त्यांनी पूर्ण वाचली.

परत निघालो तर धर्मीबाई नावाच्या एक मावशी डोक्यावर टोपली घेऊन समोर आल्या. "मास्तर, तुमी वाचलंव ना, बोंबील वालूत निजलं म्हनून? वालूत टाकलं तं खानार कोन? दोरीवर टांगतो आमी त्यांना. दोगा-दोगांची तोंडा एकमेकांत अडकवून!"

हे तिथेच खाली बसले आणि पेन्सिलीने ओळ बदलली. समुद्राच्या त्या कवितेत त्या दिवसापासून थोडं प्रेमही आलं. पुढे कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी त्या ओळीचं फार कौतुक केलं. धर्मीबाईंचं नाव ह्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, हे मला आवडलं.

* * *

मग तो नादच लागला. हे जिथे वाचत, तिथे कोणीतरी उठून काहीतरी सुधारून देई. खाडीकाठच्या खाजणात मीठ पिकवणाऱ्या माणसाने मिठाच्या कवितेतला वारा बदलून दिला. शेजारच्या वाडीवाल्याने सांगितलं, केळीला एकदाच घड येतो, तुमच्या कवितेत दोनदा आलाय. हे सगळं मान्य करत आणि दर सोमवारी गाडीने पालघरला जाऊन छापखान्यात दुरुस्त्या देत.

छापखान्यातले कंपोझिटर दामूअण्णा. खिळे जुळवून जुळवून बोटं काळी झालेली. बांधलेलं पान ते चार वेळा सोडायचे आणि पुन्हा बांधायचे. पाचव्या सोमवारी त्यांनी चष्मा काढला, ह्यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं,

"मास्तर, तुमच्या भागात ऐकायची अजून किती माणसं राहिलीत?"

* * *

एका लग्नात ह्यांना मंगलाष्टकं रचून म्हणायला बोलावलं. आठ कडवी, आणि प्रत्येक कडवं असं की त्यात दोन मावतील. अंतरपाट धरलेल्या मामांचे हात पाचव्या कडव्याला थरथरायला लागले. सहाव्याला एका बाजूचा मामा खचलाच! नवरा-नवरीने एकमेकांना बघून घेतलं आणि नवरी फस्सकन हसली.

भटजी कुजबुजले, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेलं : "मास्तर, तुमची चाल सुंदर आहे हो, पण मुहूर्ताला चालता येत नाहीये!"

हे सातव्यावर थांबले. आठवं कडवं सासू-सासऱ्यांच्या स्तुतीचं होतं. वरमाय अजून आमच्याशी बोलत नाही.

* * *

तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चाललेलं. तिथल्या कॉलनीत देशभरातले इंजिनिअर. त्यांच्यातल्या मराठी मंडळींनी ह्यांना बोलावलं. खुर्च्या, माइक, टेबलावर फुलदाणी! ह्यांनी खास 'निःशब्द' ही कविता निवडली. शांततेवरची.

"ऐका..." हे हळुवार आवाजात म्हणाले, "काहीच ऐकू येत नाही..."

धडाम्! खिडक्यांची तावदानं वाजली, फुलदाणी सरकली. हे टेबलाखाली. मी पदर तोंडात धरून बसलेले.

बाकी एकही माणूस हलला नव्हता. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसलेल्या उत्तरेकडच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. "कुछ नहीं मास्टरजी, पत्थर तोड़ रहे हैं. अभी दो और हैं, फिर पढ़िए."

सुरुंगाचे उरलेले दोन बार होईपर्यंत कवी आणि श्रोते एकमेकांकडे बघत बसले. निःशब्द.

परतताना ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, "कशी झाली?"

मी म्हटलं, "आवाज पोचला."

* * *

आता आबांचं सांगायलाच हवं. गावोगावच्या लोकांनी ह्यांच्या कविता ऐकल्या, सुधारल्या, पण आबांनी एकही ऐकली नव्हती. ह्यांना सगळ्यांत जास्त हवं होतं ते नेमकं तेवढंच. आणि त्यातही एक कविता, संग्रहातली शेवटची, 'विहिरीकाठी'. आईवरची.

आई गेल्या तेव्हा हे आठ वर्षांचे होते. तेव्हापासून आबांनी त्यांचं नावसुद्धा काढलेलं नाही, असं आत्या सांगते. वाडीतली विहीर तीच आहे. रहाटाशेजारी एक जुना बुंधा आहे, झाड नाही.

एका संध्याकाळी आबा ओटीवर केळीच्या खोडाच्या सोपाच्या दोऱ्या वळत बसले होते. हे मुद्दाम खांबाला टेकून मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला आबा उठले.

"पानी सोडायचंय."

"सकालीच सोडलंस ना रं?" आत्या आतून ओरडली. "केलींना पवायला शिकवतोस काय?"

आबा गेले ते गेलेच. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी हे वही मिटून मला म्हणाले, "ही कविता काढून टाकतो. ज्यांनी ऐकायची तेच ऐकत नाहीत, तर छापू कशाला?"

मी सहसा मत देत नाही. त्या दिवशी दिलं.

"राहू द्या," म्हटलं.

दोनच शब्द, पण हे इतके चकित झाले की कविता राहिली!

* * *

प्रकाशन आमच्याच वाडीत झालं, चैत्रात. झावळ्यांचा मांडव, अध्यक्ष शाळेचे हेडमास्तर. कोळीवाड्यातल्या बायका भरतीची वेळ बघून आल्या होत्या. कॉलनीतले साहेब आले. दामूअण्णा पुस्तकांचा गठ्ठा घेऊन स्वतः आले. वाचन सुरू झालं. बोंबलाची ओळ आली तेव्हा धर्मीबाई शेजारणीला म्हणाल्या, "ती माजी हाय."

आबा कडेला, रहाटाच्या बाजूला बसलेले. शेवटची कविता ह्यांनी उघडली, तसे ते उठले.

"पानी सोडाय..."

"मी सोडलंय सकाली!" आत्या माझ्या शेजारून सगळ्यांदेखत कडाडली. "बस तू!"

आबा बसले.

ह्यांनी वाचली. आंब्याच्या सावलीत पाणी शेंदणारी आई आणि तिच्या पदराला धरून उभा असलेला मुलगा. एवढीच कविता. वाचून झाल्यावर कोणाला टाळ्या सुचल्या नाहीत. हेडमास्तर भांबावून म्हणाले, "आबा, तुम्ही दोन शब्द बोला."

आबा उभे राहिले. गळ्यातलं उपरणं सारखं केलं.

"हिरीवर आंबा नव्हता," ते म्हणाले. "फनस होता."

मग म्हणाले, "तिनं लावलेला."

मग म्हणाले, "बाकी बरोबर हाय."

हे बोटांवर काहीतरी मोजत होते. मोजून झाल्यावर एवढंच म्हणाले, "मात्रा बसतात."

"अहो आबा!" मागून दामूअण्णांचा आवाज आला. "आता छापून झालं की हो पुस्तक!"

"मंग पेन्शील आन."

पेन्सिल आली. आबा हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले. सही घ्यायला ह्यांच्यासमोर लागलेली रांग उठून आबांसमोर गेली. धर्मीबाई सगळ्यांच्या पुढे. चौथीपर्यंत शिकलेले आबा प्रत्येक पुस्तकात शेवटचं पान काढून एक शब्द खोडत आणि त्याच्यावर ठसठशीत अक्षरात 'फणसाच्या' असं लिहीत.

तीन पुस्तकं झाली; दर वेळी शब्द लिहून झाला तरी त्यांची नजर कवितेच्या बाकीच्या ओळींत अडकत होती, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"सूनबाय, हितं उभी ऱ्हा. तेवडा सबद उघडा ठेव, आनि बाकीच्यावर हात धर."

मी हात धरला.