दादरच्या बाजूचा ध्रुव

लग्नात गुरुजींनी आम्हाला ध्रुवतारा दाखवला, तेव्हा आम्ही दादरच्या एका हॉलमध्ये होतो आणि बाहेर भर दुपार होती. गुरुजींनी समुद्राकडच्या भिंतीवर बोट रोखलं. तिथे एक्झॉस्ट फॅन होता. दिसला म्हणा, म्हणाले. मी म्हणालो, दिसला. माझ्यामागोमाग बायकोही म्हणाली.

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तुला काय हवं, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात विचारलं. वाटलं, पैठणी म्हणेल. तर ती म्हणाली, "तो तारा दाखव. तेव्हा तू दिसला म्हणालास, म्हणून मी म्हणाले रे."

गच्चीवर नेऊन दाखवला असता तर विषय संपला असता. पण मी पडलो बढाईखोर. नुसता तारा काय, त्याच्याभोवती फिरणारं अख्खं आकाश फोटोत काढून देतो, असं बोलून बसलो. मग ऑफिसातल्या मित्राकडून कॅमेरा आणि ट्रायपॉड मागून आणला. त्याने नीट समजावलं होतं: फोकस हाताने एखाद्या ठळक ताऱ्यावर लाव, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे फोटो एकामागून एक काढत राहा, मग ते कंप्युटरवर एकावर एक चढव. प्रत्येक तारा कमान काढतो, ध्रुव तेवढा जागेवर राहतो. मी मान डोलावत होतो. डोक्यात उरलं ते एवढंच, की मध्येच कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

आता ध्रुव कुठे? मला आठवला एक्झॉस्ट फॅन. समुद्राची बाजू. लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवरून मी कॅमेरा वरळीच्या समुद्राच्या दिशेने लावला आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसून राहिलो. फोटो जोडून पाहिले, तर एकही कमान नाही. सगळे तारे तिरक्या सरळ रेघा ओढत खाली निघालेले. मला वाटलं, कॅमेरा घसरत होता. दुसऱ्या रात्री ट्रायपॉडच्या पायांना विटा लावल्या. पुन्हा त्याच रेघा, फक्त विटांमुळे जास्त ठाम.

मित्राला फोटो पाठवला. तो फोनवर इतका हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मी मावळत्या ताऱ्यांचे फोटो काढत होतो म्हणे. "उत्तरेला लाव ना."

उत्तर कुठली, हे गच्चीवर हवा खायला आलेल्या शेजारच्या काकांना विचारलं. जन्म या चाळीत गेलेला माणूस, पण तेही गोंधळले. आमच्याकडे दिशा नसतात, बाजू असतात. भायखळ्याची बाजू, दादरची बाजू. "उत्तर काय ती माका ठाऊक नाय," ते म्हणाले, "पण दादरच्या पुढे बोरिवली, आणि नकाशात बोरिवली वर असता." मला हे पटलं, यावरून माझी पातळी कळावी.

कॅमेरा दादरच्या बाजूला वळवला. त्या बाजूला नवा टॉवर उभा आहे. म्हटलं, असू दे, फोटोला शोभा येईल.

या वेळी कमानी आल्या. खरोखरच्या. टॉवरच्या उजव्या अंगाने निघून डोक्यावरून डावीकडे वळलेल्या. फक्त त्या सगळ्या ज्याच्याभोवती फिरत होत्या, ती जागा टॉवरच्या पोटात होती. बाकीचं आकाश मी आणलं होतं, आणि मागितलेला तारा तेवढा कुणाच्या तरी फ्लॅटमागे राहिला होता.

वाढदिवसाच्या संध्याकाळी फोटो तिच्यापुढे ठेवला आणि सबबींची जुळवाजुळव करू लागलो. ती कमानींवरून बोट फिरवत फिरवत मधोमध आली आणि एका पेटलेल्या खिडकीवर थांबली. मग उठून गॅलरीत गेली. तिथूनही तो टॉवर दिसतो. कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली.

"दिसला," ती म्हणाली. "ती बघ खिडकी. तिच्या मागेच. तुला दिसली?"

टॉवरला शंभर खिडक्या, त्यातल्या निम्म्या पेटलेल्या, आणि माझा चष्मा कंप्युटरजवळ राहिलेला. तिचं बोट नक्की कुठे आहे, तेही मला कळत नव्हतं.

"दिसली," मी म्हणालो.